बुवांचा आवाज टाळांत हरवतो तेव्हा

पत्र तासगाव तालुक्यातून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, मी २४ वर्षांचा आहे. दिवसा वडिलांबरोबर द्राक्षबागेत असतो आणि रात्री माडीवरच्या दहा बाय बाराच्या खोलीत रेकॉर्डिंगची कामं करतो. लॅपटॉप, पाच इंची स्पीकरची जोडी आणि एक हेडफोन एवढंच सामान आहे. गावच्या भजनी मंडळाचे अभंग रेकॉर्ड केले. मित्राच्या साउंडमधला डिजिटल मिक्सर आणून सहा माइक लावले : बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाला दोन, टाळकऱ्यांना दोन. हेडफोनवर मिक्स (सगळे माइक एकत्र केलेला आवाज) छान वाटतं. पण देवळातल्या भोंग्यावर लावलं की बुवांचे शब्द कळत नाहीत आणि टाळ कानात घुसतात. फोनवर लावलं तर पखवाज गायब. बुवांच्या ट्रॅकवर, म्हणजे त्यांच्या माइकच्या रेकॉर्डिंगवर, नऊ प्लगइन (आवाज बदलणारी छोटी सॉफ्टवेअर) लावून बघितले. व्हिडिओ बघून बघून डोकं गरगरतं, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. मुंबईत एक कोर्स आहे, त्याची फी ऐकून वडील गप्प झाले. मिक्सिंग शिकायचं तरी कुठून, आणि कामाचा क्रम काय ठेवायचा? अभंग आणि त्याचे सुटे ट्रॅक सोबत पाठवतोय."

तुझ्या वयाकडे बघून 'तू' म्हणते.

तुझा अभंग मी चार वेळा ऐकला. दोनदा स्पीकरसमोर बसून, एकदा फोनवर, आणि एकदा स्पीकर बाहेरच्या खोलीत चालू ठेवून स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून. बुवांचा गळा फार गोड आहे. दुसऱ्या चरणाला ते वरच्या षड्जाला भिडतात आणि नेमके तिथेच टाळकरी दुगुण (दुप्पट लय) धरतात. भजन रंगात येतं त्याच क्षणी शब्द बुडतात. ओट्याशी उभी असताना मला तिथे फक्त टाळ ऐकू आले. तुला याचं वाईट वाटलं आणि तू पत्र लिहिलंस, म्हणून मीही हातचं न राखता लिहिते.

सुटे ट्रॅक पाठवलेस हे फार बरं केलंस. बुवांचा ट्रॅक मी एकटाच लावून ऐकला. त्या माइकमध्ये टाळ जवळजवळ बुवांच्या बरोबरीने शिरले आहेत. आता तू काय केलंस बघ. शब्द स्पष्ट व्हावेत म्हणून सहा हजार हर्ट्झच्या वरचा, म्हणजे अगदी वरच्या पट्टीतला, सगळा भाग सहा डीबीने (डेसिबल, आवाजाच्या मोठेपणाचं माप) उचललास. टाळाची धार त्याच पट्टीत असते. म्हणजे बुवांच्या माइकमधला टाळही सहा डीबीने वर आला. मग कॉम्प्रेसर लावलास, तोही कडक. बुवा गातात तेव्हा तो आवाज दाबतो, बुवा श्वास घ्यायला थांबले की पकड सोडतो. त्या सोडलेल्या अर्ध्या सेकंदात टाळ उसळून पुढे येतो. त्यावर आणखी एक कॉम्प्रेसर, मग चमक वाढवणारा एक एक्सायटर, मग घुमारा देणारा रिव्हर्ब. नऊच्या नऊ प्लगइननी मिळून टाळ मोठा केला. तू बुवांचा ट्रॅक सजवत होतास, पण त्या ट्रॅकमध्ये बुवा अर्धेच होते.

तेव्हा पहिली गोष्ट. हे दुखणं मिक्सिंगमधलं नाही, बैठकीतलं आहे.

तू बैठकीचा फोटो पाठवला नाहीस, पण ट्रॅकवरून मला अंदाज आला. बुवा पुढे, त्यांच्या मागे अर्धवर्तुळात टाळकरी, बरोबर? आपल्याकडे मंडळ असंच बसतं. माइकचं तोंड बुवांकडे आहे, म्हणजे ते बुवांच्या मागे बसलेल्यांकडेही आहे. गाण्यासाठी आपण वापरतो तो माइक बहुतेक वेळा कार्डिऑइड जातीचा असतो. तो समोरचं सगळ्यात जास्त घेतो, बाजूचं कमी आणि थेट पाठीमागचं सगळ्यात कमी. या गुणाचा फायदा घ्यायचा तर टाळकरी माइकच्या पाठीमागे, म्हणजे बुवांच्या समोर बसायला हवेत. आठ-दहा फुटांवर, बुवांकडे तोंड करून. मंडळींना पहिल्यांदा अवघडल्यासारखं होईल. पण समोरासमोर बसल्यावर बुवांचा इशारा टाळकऱ्यांना नीट दिसतो आणि लयही जास्त घट्ट राहते, हे मी पाहिलं आहे.

अंतराचा हिशोबही सोपा आहे. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की तो सहा डीबीने उतरतो. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मिसळतो, म्हणून एवढा उतरत नाही, पण उतरतो. टाळकरी पाच फुटांवरून दहा फुटांवर गेले आणि बुवांचा माइक हातभर अंतरावरून वीतभर अंतरावर आला, तर जे काम नऊ प्लगइननी झालं नाही ते एका सतरंजीच्या सरकण्याने होईल.

हे जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं. १९२५ च्या सुमारास विजेवरचं रेकॉर्डिंग आलं, त्याआधी तबकडी भरताना माइक नव्हताच. एक मोठा कर्णा असायचा आणि गवयाने त्यात तोंड घालून गायचं. साथीदारांना कमी-जास्त अंतरावर बसवायचं, एवढंच काय ते मिक्सिंग. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) नाही, ईक्यू (एकेक पट्टी उचलायचं-उतरवायचं साधन) नाही, तीन मिनिटांत गाणं संपवायचं आणि चुकलं तर पहिल्यापासून. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरुवातीच्या तबकड्या या कर्ण्याच्या काळातल्या आहेत. कधी ऐकल्यास तर सुरांबरोबर हेही ऐक, की गळा किती पुढे आहे आणि साथ किती मागे आहे. ते अंतर कुणीतरी खोलीत पावलांनी मोजून ठरवलेलं आहे.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर या अंतरातच आहे. या क्षणी ऐकणाऱ्याच्या सर्वांत जवळ कोण आहे, हे प्रत्येक क्षणासाठी ठरवायचं आणि बाकीच्यांना त्या मानाने बसवायचं. अभंगात शब्द चालू असताना बुवा जवळ. शब्द संपून गजर सुरू झाला की टाळकरी जवळ. मधल्या जागेत पखवाज एखादी परण वाजवतो तेव्हा पखवाज जवळ. तुझ्या मिक्समध्ये सगळे सगळा वेळ जवळ आहेत. द्राक्षाच्या घडाची विरळणी तू दर वर्षी करतोस. मणी काढल्याशिवाय राहिलेले मणी फुगत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता कामाचा क्रम. मी जो पाळते तोच सांगते.

आधी घर आवरायचं. मूळ फाइलची प्रत काढून ठेव. ट्रॅकना नावं दे : बुवा, पेटी, पखवाज धूम (खर्जाची बाजू), पखवाज चाट (शाईची बाजू), टाळ डावा, टाळ उजवा. खोकला, माइक सरकल्याचा आवाज, गाणं सुरू होण्याआधीची कुजबुज काढून टाक. मग लेव्हल बघ. प्रत्येक ट्रॅक सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास असावा (इथे शून्य ही वरची मर्यादा) आणि मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, सगळ्यात मोठा ठोका उणे ६ च्या वर जाऊ नये. २४ बिटमध्ये रेकॉर्ड केलं असेल तर एवढं खाली ठेवूनही काही बिघडत नाही. तुझ्या मास्टरचा मीटर सुरुवातीपासून लाल, म्हणजे मर्यादेबाहेर होता, म्हणून आवाजाची टोकं दाबणारा लिमिटर लावलास, आणि लिमिटरने पखवाजाची थाप चपटी केली.

मग सगळे प्लगइन बंद करायचे. सगळे. मास्टर मोनो करायचा, म्हणजे डावं-उजवं एकत्र. आवाज इतका हळू ठेवायचा की खोलीत कुणी बोललं तर ते सहज ऐकू यावं. सगळे फेडर खाली. बुवांचा वर घ्यायचा. मग पखवाज, त्याच्यावर लय उभी राहते का बघायचं. मग पेटी, बुवांना सुराचा आधार मिळेल एवढीच. शेवटी टाळ, आणि टाळ 'आता आले' असं वाटलं की तिथून किंचित मागे. या कामाला तासभर दे. हात फक्त फेडरवर. हा तास कंटाळवाणा वाटेल, पण मी आजही मिक्सचा सगळ्यात मोठा भाग याच तासात करते. बाकी सारं त्यानंतरची डागडुजी.

हळू आवाजाचा आग्रह का धरते तेही सांगते. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली प्रयोगातून दाखवलं की आपला कान सगळ्या पट्ट्या सारख्या ऐकत नाही. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरची चमक कमी ऐकू येते, मोठ्या आवाजात दोन्ही आपोआप भरतात. म्हणून मोठ्याने लावलेलं कुठलंही मिक्स भरीव आणि छान वाटतं. माझी सुरुवातीची एक कॅसेट अशीच गेली. रात्री दोन वाजता भरपूर आवाजात मिक्स केलं, स्वतःवर खूश होऊन झोपले. सकाळी गायिकेच्या घरी छोट्या टेपवर लावलं तर खर्ज नाही, चमक नाही, आणि मधला भाग डब्यात कोंडल्यासारखा. त्या बाईंनी मला काही म्हटलं नाही. नुसतं टेप बंद करून चहा ठेवायला उठल्या. ते मला अजून विसरता येत नाही. तेव्हापासून मी हळू आवाजात ठरवते आणि मोठ्या आवाजात फक्त तपासते.

मोनोचा आग्रहही असाच. देवळातला भोंगा मोनो आहे. फोन जवळजवळ मोनोच. हेडफोनवर डावा टाळ डाव्या कानात आणि उजवा उजव्या कानात जातो, मध्ये बुवांना मोकळी जागा मिळते, म्हणून तुला सगळं स्वच्छ वाटतं. भोंग्यात तिघे एकाच दारातून बाहेर पडतात आणि चेंगराचेंगरी होते. मोनोमध्ये जागा झाली की मग खुशाल डावं-उजवं कर.

पखवाजाच्या बाबतीत एक गोष्ट आजच करून बघ. दोन्ही माइक एकत्र लावले की तुझा पखवाज पोकळ होतो, एकच माइक लावला तर भरतो. एका ट्रॅकवर पोलॅरिटी उलटी करण्याचं बटण असतं, शून्यावर तिरकी रेघ असं चिन्ह. ते दाब आणि मोनोमध्ये ऐक. मी दाबून बघितलं, धूम परत आला. दोन माइक एकाच वाद्याला दोन विरुद्ध बाजूंनी ऐकत असले की एकाचा पुढे येणारा पडदा आणि दुसऱ्याचा मागे जाणारा पडदा एकमेकांना खाऊ शकतात. त्यामुळे खर्ज जातो. ईक्यूने कितीही वाढवलास तरी तो परत येत नाही, कारण तो एकमेकांत खोडलेला असतो.

फोनवर पखवाज गायब होतो त्याचं कारण वेगळं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं येतच नाही, आणि कणीक लावलेल्या तोंडाचा धूम त्याच्या बराच खाली राहतो. तिथे आणखी बेस टाकून काही होणार नाही. त्याऐवजी त्या ट्रॅकवर हलकं सॅच्युरेशन दे, म्हणजे त्या खर्जाचे वरचे अंश तयार होतात आणि फोनवरही कान धूम ओळखतो. शाईच्या बाजूची चाट दोन ते चार हजारांच्या दरम्यान सापडेल, ती किंचित उघड.

ईक्यू आता, फेडर बसल्यावर. बुवांच्या आवाजात साधारण १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाक, तिथे फक्त पायांचा दणका आणि पंख्याची घरघर आहे. पेटी आणि पुरुषाचा गळा तीनशे ते पाचशेच्या भागात एकमेकांवर बसतात आणि गढूळ होतात, पेटी तिथे दोन-तीन डीबी उतरव. क, त, च, ट यांची टोकं साधारण दोन ते चार हजारांत असतात, शब्द त्यांच्यावर कळतात. ती बुवांमध्ये वाढवण्याआधी पेटीत आणि टाळात थोडी कमी कर आणि फरक ऐक. आकडे मी खुणेसाठी दिले आहेत. नेमकी जागा प्रत्येक गळ्याची वेगळी, ती कानाने शोधायची.

कॉम्प्रेसरच्या आधी हात वापर. बुवा वर गेले की मोठे होतात, खाली आले की पुटपुटतात. अशा ओळी एकेक करून पाच-सहा ठिकाणी आवाज हाताने समान कर. अर्धा तास लागेल. मग तीनास एक (ठरवलेल्या रेषेवरचे तीन डीबी दाबून एक) एवढाच कॉम्प्रेसर, सुई तीन-चार डीबी हलेल इतका. पखवाजावर लावायचा असेल तर अटॅक (दाबायला लागण्याआधीचा वेळ) वीस-तीस मिलिसेकंद ठेव, म्हणजे थाप आधी निसटून जाईल आणि मागचा घुमारा धरला जाईल. अटॅक फार जलद ठेवला की थापच मरते.

रिव्हर्ब एकच ठेव, वेगळ्या ट्रॅकवर, आणि सगळ्यांना त्यातूनच थोडं थोडं दे. मंडळी म्हणणार, 'पोरा, इको टाक की जरा.' टाक, पण तीसेक मिलिसेकंदांचा प्री-डिले देऊन, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमारा मागून येतो. रिव्हर्बच्या ट्रॅकमधून दोनशेच्या खालचं आणि सहा हजारांच्या वरचं काढून टाक, नाहीतर टाळ त्यात शिरून खोलीभर पसरतो. आणि हा अभंग दगडी सभामंडपात वाजणार आहे. देऊळ आपला घुमारा घालणारच आहे, तुझा त्यात भर पडतो. हेडफोनवर 'जरा कोरडं झालं' असं वाटलं तरी घाबरू नकोस.

मग ऑटोमेशन, म्हणजे गाणं चालू असताना ठरलेल्या जागी फेडर आपोआप हलवणं. इथे खरी मजा आहे. दुगुण सुरू होते तिथे टाळ दीड-दोन डीबी उतरव आणि गजर आला की पुन्हा चढव. लोकांना टाळ उतरल्याचं कळणार नाही, बुवांचे शब्द कळले एवढंच कळेल.

दर पाऊण तासाने दहा मिनिटं उठ. अंगणात जा. पूर्ण झालं असं वाटलं की त्या रात्री काही पाठवू नकोस. सकाळी बागेत जायच्या आधी एकदाच ऐक, फोनवर. हातात कागद ठेव आणि जे खटकेल ते लिहून काढ. माऊसला हात लावू नकोस. माझे पुण्यातले साहेब, ज्यांच्याकडे मी उमेदवारी केली, ते मिक्स लावून ठेवायचे, कंट्रोल रूमचं दार अर्धवट उघडायचे आणि बोळात जाऊन वॉचमनशी गप्पा मारायचे. दहा मिनिटांनी परत येऊन एकच फेडर केसभर हलवायचे. दोन महिने मला वाटत होतं त्यांना काम टाळायचंय. मग धीर करून विचारलं. म्हणाले, बोळात शब्द कळले तर काम झालं. मी ओट्याशी उभी राहून ऐकते ती सवय त्यांची.

एक्स्पोर्टबद्दल थोडक्यात. २४ बिट वेव्ह फाइल, ट्रू पीक (आवाजाचं खरं टोक) उणे १ डीबीच्या वर नको. यूट्यूब आणि स्पॉटिफाय उणे १४ लफ्सपेक्षा (लफ्स म्हणजे गाण्याच्या सरासरी मोठेपणाचं माप) मोठं गाणं स्वतःच खाली ओढतात, म्हणून चेचून मोठं करण्यात काही हशील नाही.

खोलीबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. दहा बाय बारा, प्लास्टरच्या भिंती, फरशी. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आवाज साचतो, बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ ला, आणि त्यांच्या दुपटींनाही. पखवाजाचा खर्ज याच टापूत वावरतो. म्हणजे तू खुर्ची दोन फूट सरकवलीस तरी पखवाज कमी-जास्त होणार, आणि तू त्या खोट्या पखवाजावर निर्णय घेणार. भिंतीला वाकळी टांगल्या तर वरची झिणझिण जाईल, ते जरूर कर, स्पीकरच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आधी. पण वाकळीने खर्ज अडत नाही, त्याला जाडी लागते. कोपऱ्यांत गाद्यांच्या जाड गुंडाळ्या जमिनीपासून वरपर्यंत उभ्या केल्या तर थोडा तरी फरक पडेल. स्पीकर छोट्या भिंतीकडे पाठ करून ठेव, खुर्ची खोलीच्या अगदी मध्यावर नको, आणि खर्जाचा निर्णय हेडफोनवर पडताळ. पैसे खर्च करायचेच असतील तर पुढच्या प्लगइनच्या आधी इथे कर.

आता शिकण्याचं.

सांगलीहून सिटी बसने मिरजेला जा आणि सितारमेकर गल्लीत एक सकाळ काढ. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची पाटी बघायला नव्हे. तानपुऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून झंकार आणताना, कारागीर काय करतो ते बघायला. घोडीवर कानस एकदा, फार तर दोनदा फिरते. तार पुन्हा चढते. तो एकदा छेडतो आणि थांबतो, आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबतो. मग तारेखालचा सुताचा दोरा नखाने तांदळाच्या दाण्याएवढा सरकवतो. पुन्हा छेडतो, पुन्हा थांबतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मोजलं होतं, एका तारेला चाळीस मिनिटं गेली आणि त्यातला हाताच्या कामाचा वेळ पाच मिनिटं होता. उरलेला वेळ तो ऐकत होता. तू बुवांच्या ट्रॅकवर प्लगइन चढवलेस तेव्हा प्रत्येकाआधी किती ऐकलंस, ते तुझं तुला माहीत.

या ऐकण्यात एक फसगत आहे, तिच्यापासून जप. कुठलंही प्लगइन लावलं की आवाज बहुधा थोडा वाढतो, आणि एका डीबीनेही वाढलेला आवाज कानाला 'चांगला' वाटतो. म्हणून प्लगइन चालू-बंद करून तुलना करताना दोन्ही बाजूंची लेव्हल सारखी कर. मग सांग, फरक पडला का. तुझ्या नऊतले सहा तरी इथेच गळतील.

सराव दुसऱ्यांच्या ट्रॅकवर कर. केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या वेबसाइटवरच्या संग्रहात शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक फुकट मिळतात. गाणी पाश्चात्त्य आहेत, तरी काही बिघडत नाही. महिन्याला एक गाणं, चार तासांत पूर्ण, तारीख घालून जपून ठेव. वर्षाच्या शेवटी पहिलं आणि बारावं पाठोपाठ ऐक. आवडत्या अभंगाची चांगली प्रतही जवळ ठेव, तिचा आवाज तुझ्या मिक्सइतका उतरव आणि मध्येमध्ये ऐक, म्हणजे कान भरकटत नाही.

आणि यात्रेच्या हंगामात मित्राच्या साउंडबरोबर जात जा. स्टेजवर माइक शिट्टी मारायला लागला की मिक्सरकडे बघण्याआधी मनात शिट्टीचा हर्ट्झमधला आकडा धर : अडीच हजार? आठशे? मग बघ. एका हंगामात कान असा तयार होतो की व्हिडिओ बघून होणार नाही. मात्र कानात प्लग घालून जा. हे कळकळीने सांगते. ८५ डीबीला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि दर तीन डीबीला वेळ निम्मा होतो. १०० डीबीला पंधरा मिनिटं उरतात. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीसमोर तेवढीही नाहीत. या धंद्यात भांडवल एकच आहे आणि ते परत विकत मिळत नाही.

मुंबईच्या कोर्सबद्दल. वर्षभर वरचं काम करून बघ आणि मग ठरव. त्या कोर्समध्ये विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने मिक्सिंगला किती तास मिळतात, एवढं एकच विचार. उत्तर गोल गोल आलं तर पैसे देऊ नकोस. पदवीधर असशील आणि हे आयुष्यभर करायचं असेल तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट बघ. १९६० सालची सरकारी संस्था, ध्वनीचा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षेने. तिथला भर सिनेमाच्या आवाजावर आहे, पण कान आणि शिस्त दोन्ही घडतात. तीन वर्षं बाग कोण बघणार, हा प्रश्न मात्र खरा आहे, तो वडिलांशी बसून बोलावा लागेल. ते फी ऐकून गप्प झाले म्हणजे नाही म्हणाले असं धरू नकोस. त्यांनी तुझं काम कधी नीट ऐकलंय का? बुवांचे शब्द कळतील असा एक अभंग त्यांना देवळात ऐकव आणि मग विषय काढ.

तुझं मंडळ एकादशीला बसणारच. तेव्हा पुन्हा रेकॉर्ड कर, टाळकरी समोर बसवून, बुवांचा माइक वीतभर अंतरावर ठेवून. मला मिक्स पाठव ते एकही प्लगइन न लावलेलं, नुसत्या फेडरवर बसवलेलं. आणि कोण कुठे बसलं होतं, कुणाचा माइक कुठे होता, याचं वहीच्या पानावर चित्र काढून त्याचा फोटो सोबत जोड.